पयला लाव, मंग उघड

हिराजीदादा माझ्यावर पहिल्यांदा ओरडले तेव्हा माझ्या हातात अळूवड्यांचं ताट होतं. ताट हातात राहिलं, वड्या उडाल्या. त्यातली एक आमच्या वॉचमनच्या टोपीवर जाऊन बसली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे ती त्याच्या पायाशी पडली होती. पण त्या ओरडण्याचा जोर कळायचा तर टोपीच बरी.

शब्द इतकेच होते: "पयला लाव, मंग दुसरा उघड!"

पनवेलच्या त्या सोसायटीत आम्ही नुकते राहायला आलो होतो. बायकोने ओळख करून घ्यायला म्हणून तळमजल्यावरच्या घरतांकडे वड्या पाठवल्या. दाराला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "दादा गाडीत असतील." इमारतीच्या मागे बदामाच्या झाडाखाली एक जुनी मिनीबस उभी होती. हिरवा रंग, खिडक्यांना काचांच्या आतून मासे धरायचं जाळं. मी पायरी चढलो, दार उघडलं. आत हातभरावर दुसरं दार. आता माणूस काय करतो? तेही उघडतो. पाठीमागचं पहिलं तसंच उघडं ठेवून. बस, तेवढ्यात तो आवाज आला.

आवाजाच्या मागून माणूस आला. ठेंगणा, रुंद, मिशी पांढरी आणि भुवया मात्र काळ्याभोर. त्यांनी मला आत ओढलं, दोन्ही दारं लावली आणि ओरडून विचारलं, "किती?"

मी घाबरून म्हणालो, "बारा होत्या. आता चारच राहिल्या."

"तुमाला नाय इचारलं!"

आतून एका बाईचा शांत आवाज आला, "दोन."

मग दादांनी श्वास सोडला. ताटातली एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, "चिच कमी हाय."

दोन म्हणजे मांजरं. मांदेली आणि बोंबील. मांदेली पिवळसर, बारकी, चपळ. बोंबील पांढरा, लांबलचक, कुठेही टाकला तरी तिथेच पडून राहणारा. दोघांनी जन्मात जमिनीला पाय लावला नव्हता. घरातून गाडीत, गाडीतून घरात, तेही टोपलीतून. मांजरं दादांच्या बायकोची, लीलावहिनींची होती, दादांची नव्हती. हे दादा दिवसातून दोनदा जाहीर करत. "मना मांजर आवडत नाय. मासं खातं आन उपकार केल्यासारका बघतं." पण कुणी मांदेलीला नुसतं 'माऊ' म्हटलं की पुन्हा तोच भडका. "माऊ कोनाला बोलतो? तिला नाव हाय!"

दादांच्या रागाचा पसारा मोठा होता. विनाकारण हॉर्न वाजवणारे, दार आपटणारे, दार न लावणारे, कागदी कपातून चहा देणारे, 'सर' म्हणणारे बँकवाले. बसच्या डेपोत तीस वर्षं इंजिनांशेजारी काढल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. 'मीठ दे' हेसुद्धा ते धमकी दिल्यासारखं म्हणत. वहिनी याच्या अगदी उलट. दिवसाला दहाबारा शब्द, त्यातले निम्मे मांजरांशी.

ती गाडी पूर्वी द्रोणागिरीच्या गोदामांत कामगार पोचवायची. भंगारात निघाली तेव्हा दादांनी घेतली आणि नेऱ्याला एका मित्राच्या शेतघरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. वर्षभर ते रोज सकाळी डबा घेऊन तिकडे जात. आत बिछाना झाला, शेगडी झाली, पाण्याची टाकी झाली. हे कुणीही केलं असतं. मी वेडा झालो तो त्या दोन दारांवर. मधल्या जागेत एकच माणूस मावे. माझ्या अंगाचा माणूस असेल तर त्याला पोट आत घेऊनच दार लावावं लागे. या जागेला दादा 'उघाडी' म्हणत.

हा शब्द त्यांच्या बापाचा. घरतांचं गव्हाणकडे मिठागर होतं. खाडीच्या बांधाला पाणी आत घ्यायची वाट असते, ती उघाडी. त्यांच्या उघाडीला दोन फळ्या होत्या, एक खाडीकडे, एक आगराकडे. आधी खाडीकडची वर करायची, मधल्या कुंडीत पाणी भरू द्यायचं, ती खाली करायची, आणि मगच आगराकडची उचलायची. दोन्ही एकदम उघडल्या तर भरतीचं पाणी घुसून महिन्याचं मीठ एका दुपारी विरघळून जाई.

"बापाला कदी दोनी फल्या एकदम उगड्या ठेवताना बघला नाय," दादा सांगत. "ताप असला तरी उठून हात लावून बघायचा. आन फल्या बघून झाल्या का बांदावरना चालायचा, खाली वाकून. खेकड्याची बिला बघत. बोलायचा, दरवाजा आपुन संभालतो, पानी बिलातना येतं."

मिठागर आता राहिलं नव्हतं. त्यावर माती पडत होती, ट्रकामागून ट्रक. तो विषय निघाला की दादा ओरडत नसत, आणि तेच मला जास्त भीतीदायक वाटे.

गाडीचा खटाटोप कशासाठी, हे मला दादांनीच सांगितलं. खिडकीचं सैल झालेलं जाळं पुन्हा ताणून बसवत होतो तेव्हा. जाळं उरणच्या एका कोळी मित्राने विणून दिलेलं, गाठ इतकी बारीक की मांजराचं नख अडकू नये. मी म्हणालो, "दादा, एवढा बंदोबस्त? तुरुंगाला नसतो."

ते वर न बघता म्हणाले, "मास्तर, माज्या हातना एक गेली."

वहिनींची बहीण श्रीवर्धनला. नऊ वर्षांपूर्वी दोघं भाड्याच्या जीपने तिच्याकडे निघाले होते. तेव्हा एकच मांजर होतं, सुरमई. करडी, पट्ट्यापट्ट्यांची. मासळीच्या पाटीत घालून वर फडकं बांधलेलं. वाटेत पेट्रोल पंपावर वहिनींनी तिला पाणी पाजायला फडकं सोडलं, आणि त्याच वेळी दादांनी पलीकडून जीपचं दार उघडलं. तिथल्या पोऱ्यावर ओरडायला, अर्थातच. सुरमई गेली. दादांनी दोन तास पंप डोक्यावर घेतला. "सुरमे! सुरमे!" म्हणत शेतांतून फिरले, ताट वाजवत. मांजर मिळालं नाही. जीप परत फिरली.

"आन ही?" दादा म्हणाले. "एक शबुद नाय. घरी आली, भात रांदला, मना वाडला. शिव्या द्यायच्या ना! ताट फेकून मारायचा! नाय. आजपरयंत नाय. आन तवापासना भैनीकडं पन नाय गेली. बोलते, मांजरांना कोन बघल."

ते उठले, जाळ्याला हिसका देऊन पाहिलं आणि एकदम भडकले. "मंग तिच्या वाटनीचा कोन वरडनार? मीच वरडतो!"

त्यात एक भर पडली. बोंबीलला सुई टोचायला ते पनवेलच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. बाई सहज बोलल्या की घरातलं मांजर बाहेर निसटलं तर सहसा लांब जात नाही, जवळच एखाद्या अंधाऱ्या फटीत दबून बसतं, आणि आवाज ऐकला की आणखी आत सरकतं. गप्प बसून वाट पाहावी. दादा घरी न जाता सरळ माझ्याकडे आले. उभेच राहिले.

"ती तितंच असल, मास्तर. पंपाच्या मागं, टायरात नायतर कुटं. आन मी भोंग्यासारका वरडत व्हतो."

मी उगीच खुर्ची पुढे सरकवली. माझ्यासारख्या बडबड्याला असे प्रसंग झेपत नाहीत.

आता सेक्रेटरीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे नियमांची वही घेऊन जन्माला आलेला माणूस. टाकीचं पाणी कोणाकडे जास्त गेलं, कोणाच्या चपला जिन्यात, कोणाच्या कुंडीतून गळतं. लिफ्ट महिनाभर बंद होती तेव्हा याची वही मिटलेली होती, ते सोडा. तर एके रविवारी हा नोटीस घेऊन गाडीपाशी आला. आवारात राहण्याजोगं वाहन लावायला मनाई, प्राणी ठेवायला मनाई.

"आत येऊन बगा ना," दादा म्हणाले. इतक्या गोड आवाजात, की मी वरची खिडकी सोडून धावत खाली आलो.

सेक्रेटरी पायरी चढून उघाडीत शिरला. दादांनी बाहेरून दार लावलं. आतल्या दाराला वहिनींनी आतून कडी घातली होती, ती निघणार मोजणी झाल्यावरच.

"किती?" दादा गरजले.

"एक," आतून वहिनी.

"दुसरा शोद! दुसरा मिलल्याबिगर दरवाजा उगडनार नाय!"

"अहो घरत, मला बाहेर काढा," उघाडीतून सेक्रेटरी. "इथे हवा नाही."

"मांजर बाहेर ग्येला तर तुमी भरून देनार काय? उबे ऱ्हा!"

अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून उभा होतो. दर मिनिटाला दादा "किती?" विचारत आणि आतून तितक्याच शांतपणे "एक" येई. उघाडीतून आधी नियम ऐकू आले, मग विनंत्या, शेवटी नुसते सुस्कारे. मी जरा बाजूला सरकून जाळ्यातून आत डोकावलो. लीलावहिनी बिछान्यावर बसून लसूण सोलत होत्या. मांदेली मांडीवर. बोंबील मांदेलीवर. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, लसणाची पाकळी टोपलीत टाकली, आणि म्हणाल्या, "एक."

ही बाई गप्प आहे म्हणून गरीब आहे, हा माझा समज त्या दिवशी संपला.

पुढच्या थंडीत श्रीवर्धनला जायचं ठरलं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना वाकता येत नव्हतं. म्हणून तिसरा माणूस हवा होता आणि फुकटचा प्रवास मला हवाच होता. जाताना सगळं घड्याळासारखं झालं. गाडी थांबवायच्या आधी दादा केबिनमधून ओरडत, "किती?" वहिनी "दोन" म्हणत, आणि मगच चाक थांबे. केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्येही जाळ्याचं दार होतं, कडी लावलेलं. त्याला चहाचा पेला जाईल एवढी झडप. बहीण तर वहिनींच्या गळ्यात पडून इतकी रडली, की बोंबीलने डोळे उघडले. चार दिवस मांजरं अंगणात उभ्या गाडीत, वहिनी घरात, आणि दादा गाडीच्या पायरीवर पहारा देत साडूच्या शेजाऱ्यांवर ओरडत. नऊ वर्षांनी आलेला पाहुणा. शेजाऱ्यांनी ऐकून घेतलं.

परतताना माणगावच्या अलीकडे ते घडलं.

सकाळचे दहा असतील. वाहनांची रांग लागली होती. वहिनींनी चहा पुढे केला. झडप गुंतली होती, म्हणून दादांनी जाळ्याच्या दाराची कडी काढून पेला घेतला. तेवढ्यात मागच्या पांढऱ्या मोटारीतला एकजण हॉर्न दाबून बसला. पों, पों, पों. मग तो डावीकडून घुसला आणि दादांचा आरसा घासून पुढे आडवा झाला. शिवाय खाली उतरून आमच्याच बॉनेटवर हात आपटायला लागला. "ए म्हाताऱ्या, गाडी आहे की झोपडी?"

दादांनी पेला ठेवला, दार ढकललं आणि उडी मारली.

त्या दिवशी दादा जे ओरडले तसं मी पुन्हा ऐकलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे लोक खाली उतरले. मी तर पहिल्या रांगेतला प्रेक्षक, मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. "हॉर्न तुज्या बापाचा काय? रस्ता तुज्या बापाचा काय? झोपडी बोलतो? झोपडीला माझ्या दोन दरवाजं हायत, तुज्या घराला हायत काय?"

आणि मागून, गाडीतून, वहिनींचा आवाज आला. कुणी काही विचारलं नव्हतं.

"एक."

दादांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी वळून पाहिलं. केबिनचं दार सताड उघडं. आतलं जाळ्याचं दारही. दोन्ही फळ्या वर, आणि उघडल्या कुणी तर त्यांनीच.

मग त्यांनी त्या मोटारवाल्यापुढे हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले, "दादा, तुमचा बरोबर. तुमी जावा." तो माणूस ओरडण्याला घाबरला नव्हता. याला घाबरला आणि गेला.

गाडी हलवायची नाही, इंजिन चालू करायचं नाही. दादांनी हे मला खुणेने सांगितलं. मागची वाहनं हॉर्न वाजवत बाजूने जाऊ लागली. दादा पोटावर झोपून गाडीखाली शिरले. बराच वेळ काही दिसेना. मग त्यांनी हात मागे करून बोट दाखवलं. मागच्या स्टेपनीच्या वर, चेसीच्या कोपऱ्यात दोन हिरवे ठिपके.

मी वहिनींकडून सुक्या बोंबलाचा तुकडा आणून दिला. दादांनी तो तळहातावर ठेवला आणि तळहात पुढे करून ते पडून राहिले.

अकरा वाजले. बारा वाजले. लोक थांबून विचारायचे, "काका, डिझेल संपलं का?" दादा ओठांवर बोट ठेवायचे. एकाने वाकून "मनीमाऊ!" अशी आरोळी ठोकली. दादांच्या कपाळाच्या शिरा मी मोजू शकलो असतो, पण तोंडातून चूं नाही. मग मी त्या माणसाला दूर नेऊन कुजबुजत शिव्या दिल्या. कुजबुजत शिव्या देणं फार अवघड असतं, कधी करून बघा. एक ट्रकवाला पहार घेऊन मदतीला आला. "ढोसतो, लगेच बाहेर येईल." त्यालाही मीच परतवला. दादांच्या मानेवरून मुंग्यांची रांग चालली होती. तो माणूस, ज्याला मीठसुद्धा हळू मागता येत नसे, तो चार तास गप्प पडून होता. मी मात्र दर दहा मिनिटांनी झाडाआड जाऊन स्वतःशीच बोलून येत होतो.

वहिनी दार लावून आत बसल्या होत्या. एकदाही विचारलं नाही. खिडकीतून फक्त दादांचे बाहेर आलेले पाय बघत होत्या.

दोन वाजून गेल्यावर मांदेली उतरली. तळहातावरचा तुकडा तिने खाल्ला नाहीच. ती दादांच्या दंडावरून चालत आली. एव्हाना ते पाठीवर वळले होते. ती त्यांच्या छातीवर बसली आणि पंजे आवळून डोळे मिटले. आता दादांना उठता येईना. धरायला जावं तर पळेल. त्यांनी डोळ्यांनी मला बोलावलं. मी केबिनमधलं जादा जाळं आणलं आणि मांजर, दादा, मिशी, सगळ्यांवर एकदम पांघरलं. मग मी आणि तोच पहारवाला ट्रकवाला, दोघांनी दादांना पाय धरून इंचाइंचाने ओढलं. जाळ्यातला एवढा ऐवज उरणच्या होडीनेही कधी आणला नसेल. तसंच उघाडीत ढकललं. पहिलं दार लावलं. मग दुसरं उघडलं.

आतून दादांचा आवाज आला, घोगरा, कानात सांगितल्यासारखा. "किती?"

वहिनी म्हणाल्या, "दोन."

आणि मग लीलावहिनी सुरू झाल्या.

मी फुगवून सांगत नाहीये, पण माणगाव ते पनवेल हा रस्ता तेव्हा साडेतीन तासांचा होता, आणि त्यात त्या फक्त पेणला पाणी प्यायला थांबल्या. सुरमईपासून सुरुवात केली. "पंपावर तुमाला कोनी वरडाला सांगितला व्हता? पोरगा हवा भरीत व्हता बिचारा! माजी सुरमई गेली आन तुमी ताट वाजवता? लग्नाची वरात हाय काय? नऊ वर्सां मी गप ऱ्हायली, बोलली तुमालाच कलल कदी. कलला? नाय! दोन दरवाजं लावता, जाली लावता, आन तोंड? तोंडाला कडी कोन लावनार?"

दादा स्टेअरिंग धरून पुढे बघत होते. मी शेजारी. मला वाटलं हे आता कोसळणार. मी चोरून पाहिलं. मिशीखाली हसू होतं. नऊ वर्षं उपाशी राहिलेल्या माणसापुढे ताट आल्यासारखं. वहिनी जरा थांबल्या की ते हळूच म्हणत, "आन आजच्या मोटारवाल्याला मी काय बोललो ते?" की वहिनी पुन्हा सुरू.

पनवेलला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आणि सोसायटीच्या फाटकावर, चार दिवसांत, लोखंडी आडवा खांब बसवलेला. उंची अशी मापून की मोटार जाईल, दादांची गाडी जाणार नाही. शेजारी सेक्रेटरी, वही काखेत. मला आजही तो खांब आठवला की हात शिवशिवतात. बैठक कधी झाली, कोणी हात वर केले, मला कुणी विचारलं? निवृत्त माणूस बायकोला तिच्या बहिणीकडे नेतो, तेवढ्यात त्याची वाट बुजवायची! समोरासमोर येण्याची हिंमत नाही म्हणून लोखंड उभं करायचं!

"नियमाप्रमाणे आहे, घरत," सेक्रेटरी म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकून दादांच्या ओरडण्याची वाट पाहू लागला.

दादा गप्प. पण मागची खिडकी सरकली. वहिनींचा घसा माणगावपासून तापलेलाच होता.

त्या काय बोलल्या ते सगळं छापता येणार नाही. चारही मजल्यांचे दिवे लागले. लोक गॅलरीत आले. सेक्रेटरीने एकदा वही उघडली, ती वहिनींनी "आदी ती वही मिट!" म्हणून मिटायला लावली. खांब निघाला नाही, तो भाग निराळा. लोखंड ऐकत नाही. मला उतरवून गाडी तशीच वळली आणि गव्हाणकडे गेली. आठवड्याने दादा घरातलं सामान न्यायला आले. वहिनी आल्या नाहीत.

त्यानंतर दादांना मी एकदाच पाहिलं. वर्षभराने असेल. गव्हाणच्या पुढे, जुन्या मिठागराच्या उरलेल्या बांधाच्या तुकड्यावर हिरवी गाडी उभी होती. मागे सगळी भरावाची लाल माती. ट्रक येत होते, ओतत होते, जात होते. मी अळूवड्या नेल्या होत्या, या वेळी चिंच जास्त घालून. पायरी चढलो, पहिलं दार उघडलं, आणि गडबडीत दुसऱ्यालाही हात घातला.

"पयला लाव, मंग उघड!"

ताट पुन्हा हललं. पण आवाज वहिनींचा होता.

आत दादा खिडकीशी टेकून बसले होते, वाळलेले दिसले. मांदेली छातीवर. मी काही बोलणार, तेवढ्यात बाहेर एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला आणि बांधाला खेटून माती ओतली. गाडीभर धूळ आली. दादांच्या काळ्या भुवया वर गेल्या, तोंड उघडलं. त्यांनी छातीवरच्या मांजराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

वहिनी लंगडत दुसऱ्या खिडकीशी गेल्या, जाळ्यामागची काच सरकवली, आणि ट्रकवाल्याला, त्याच्या मुकादमाला, माती कुठून आणली त्या डोंगराला आणि ज्याने हे आगर बुजवायला काढलं त्याला, सगळ्यांना एका दमात घेतलं.

मी म्हणालो, "दादा, वहिनी तर..."

दादांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. त्यांना ऐकायचं होतं.